संहिता आणि मूळ अधिनियम : अमेरिकेतील संघीय व राज्यीय कायद्यांच्या संहिताकरणाचा इतिहास

कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व बहुतेक सर्व न्यायपद्धतींनी मान्य केलेले आहे. या तत्त्वाच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, ज्याला कायदा जाणून घ्यावयाचा आहे, त्याला तो कोठेतरी निश्चित स्वरूपात सापडू शकतो. हे गृहीत जेथे खोटे ठरते, तेथे वरील तत्त्वाला न्यायाचे अधिष्ठान उरत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या गृहीताची कसोटी इतर देशांपेक्षा अधिक कठोरपणे लागली. तेथे कायदे करणारी संस्था एक नाही. वॉशिंग्टन येथील काँग्रेस संघराज्याचे अधिनियम करते, तर आज पन्नास असलेली राज्ये आपापल्या विधिमंडळांतून स्वतंत्रपणे अधिनियम करतात. प्रत्येक अधिवेशनात नवे अधिनियम संमत होतात, जुन्यांत दुरुस्त्या होतात, काहींचे स्पष्ट शब्दांत निरसन होते, तर काहींचे निरसन झाले की नाही हेच संदिग्ध राहते. या राशीतून आज अमलात असलेला कायदा निवडून विषयवार लावण्याच्या खटपटीस संहिताकरण म्हणतात.

वरवर पाहता हे काम ग्रंथपालाचे आहे असे वाटते. वस्तुतः ते तसे नाही. मांडणी करणाऱ्याला काय गाळावे, काय ठेवावे, कोणते वाक्य कोठे जोडावे याचा निर्णय पदोपदी घ्यावा लागतो आणि अशा प्रत्येक निर्णयात कायदा बदलण्याचे सामर्थ्य असते. अमेरिकेतील संहिताकरणाचा इतिहास हा एका दृष्टीने या सामर्थ्याची ओळख पटण्याचा आणि त्याला लगाम घालण्याचा इतिहास आहे.

आरंभीचे प्रयत्न

वसाहतींच्या काळापासून छापील कायद्याची मागणी अमेरिकेत दिसून येते. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४१ मध्ये नागरिकांच्या स्वातंत्र्यांची एक संहिता स्वीकारली आणि १६४८ मध्ये आपले कायदे वर्णानुक्रमे लावून ग्रंथरूपाने छापले. दंडाधिकाऱ्यांचा स्वेच्छाधिकार लेखी नियमांनी मर्यादित व्हावा, ही या मागणीमागील प्रेरणा होती. सामान्य माणसाला कायदा वाचता यावा ही अपेक्षा त्यात होती. केवळ वकिलांची सोय हा त्याचा हेतू नव्हता.

स्वातंत्र्यानंतर राज्यांनी इंग्लंडचा कॉमन लॉ, म्हणजे न्यायनिर्णयांतून घडत आलेला विधी, सामान्यतः तसाच पुढे चालू ठेवला. या विधीचा कडवा टीकाकार जेरेमी बेंथम याने १८११ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांना पत्र लिहून अमेरिकेसाठी संपूर्ण संहिता रचून देण्याची तयारी दर्शविली. मध्यंतरी ब्रिटनशी युद्ध झाले. मॅडिसन यांचे उत्तर १८१६ मध्ये गेले आणि ते नम्र नकाराचे होते. तथापि बेंथमच्या विचारांचे बीज अमेरिकेत वाया गेले नाही. लुइझियाना राज्यात फ्रेंच व स्पॅनिश परंपरेमुळे लिखित संहितेची कल्पना परकी नव्हती. तेथे १८०८ मध्ये दिवाणी कायद्याचा संग्रह आणि १८२५ मध्ये दिवाणी संहिता अमलात आली. या दुसऱ्या संहितेच्या कर्त्यांपैकी एक असलेला एडवर्ड लिव्हिंग्स्टन हा बेंथमच्या ग्रंथांचा अभ्यासक होता. त्याने लुइझियानासाठी दंडसंहितेचा मसुदाही तयार केला. १८२४ मध्ये हे हस्तलिखित आगीत भस्मसात झाले. लिव्हिंग्स्टनने ते पुन्हा पहिल्यापासून लिहून काढले. राज्याच्या विधिमंडळाने मात्र ते कधीच स्वीकारले नाही. संहिताकाराच्या चिकाटीचे आणि विधिमंडळाच्या अनास्थेचे हे उदाहरण पुढे अनेकवार निराळ्या रूपाने घडावयाचे होते.

न्यूयॉर्क राज्याने वेगळी वाट धरली. तेथे कॉमन लॉला हात न लावता, विधिमंडळाचे विखुरलेले अधिनियम एकत्र करून त्यांची पुनर्रचना करण्यात आली. बेंजामिन बटलर, जॉन ड्युअर आणि जॉन स्पेन्सर या तिघा संशोधकांनी सिद्ध केलेले सुधारित अधिनियम १८२७ व १८२८ मध्ये संमत झाले. या मंडळात काही काळ हेन्री व्हीटन हाही होता. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांचा वृत्तसंग्राहक म्हणून तो प्रसिद्ध होता आणि त्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. केवळ कालक्रमाने अधिनियम छापण्याऐवजी ते विषयवार विभागून, भाग, प्रकरण व कलम अशा उतरंडीने मांडण्याची न्यूयॉर्कची पद्धती इतर अनेक राज्यांनी उचलली.

फील्डचा आग्रह

न्यूयॉर्कच्या १८४६ च्या राज्यघटनेने संहिताकरणाला घटनात्मक आधार दिला. त्यानुसार नेमलेल्या मंडळातील डेव्हिड डडली फील्ड याचे नाव अमेरिकेतील संहिताकरणाशी कायमचे जोडले गेले आहे. १८४८ मध्ये न्यूयॉर्कने त्याची दिवाणी कार्यपद्धतीची संहिता स्वीकारली आणि पाहता पाहता ती अनेक राज्यांत पसरली. कॅलिफोर्नियात तर १८५१ मध्येच त्याचा भाऊ स्टीफन फील्ड याने विधिमंडळाचा सभासद या नात्याने त्या धर्तीचे कार्यपद्धतीविषयक अधिनियम संमत करून घेतले होते. हाच स्टीफन फील्ड पुढे संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला.

डेव्हिड फील्डला एवढ्याने समाधान नव्हते. करार, मालमत्ता, नुकसानभरपाई इत्यादी विषयांवरील संपूर्ण मूलविधी एका दिवाणी संहितेत आणावा, असा त्याचा आग्रह होता. १८६५ मध्ये तिचा मसुदा पूर्ण झाला. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने ती संमतही केली, परंतु राज्यपालांनी अनुमती नाकारली. पुढे हाच प्रकार पुन्हा एकदा घडला. वकीलवर्गातील विरोधाचे नेतृत्व जेम्स कार्टर याने केले. जीवनातील भावी प्रसंग कोणत्याही संहिताकाराला आधी कल्पिता येत नाहीत. न्याय प्रसंगानुरूप शोधावा लागतो, तो आगाऊ लिहून ठेवता येत नाही, असा त्याच्या युक्तिवादाचा मथितार्थ होता. न्यूयॉर्कमध्ये कार्टरचा पक्ष विजयी झाला. पश्चिमेकडे मात्र फील्डचे भाग्य उजळले. डाकोटा प्रदेशाने १८६६ मध्ये, कॅलिफोर्नियाने १८७२ मध्ये आणि माँटानाने १८९५ मध्ये त्याच्या दिवाणी संहितेवर आधारलेल्या संहिता स्वीकारल्या. जेथे न्यायनिर्णयांचा साठा तुटपुंजा होता आणि कायद्याची पुस्तके दुर्मिळ होती, तेथे तयार संहिता हे मोठेच साहाय्य होते.

या मसुद्याचा एक अंश भारतातही पोहोचला. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कर्त्यांनी काही तरतुदींसाठी फील्डच्या मसुद्याचा आधार घेतला. व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारा करार शून्य ठरविणारे सत्ताविसावे कलम हे त्यांपैकी सर्वांत परिचित होय. इंग्लंडच्या न्यायालयांनी अशा प्रतिबंधांपैकी वाजवी प्रतिबंध ग्राह्य मानण्याचे तत्त्व स्वीकारले होते. भारतीय कलमाच्या शब्दांत या तत्त्वाला जागा नाही. न्यूयॉर्कच्या राज्यपालांनी जे नाकारले, त्यातील एक वाक्य मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या न्यायालयांत पिढ्यान्‌पिढ्या अर्थ लावण्याचा विषय होऊन बसले. संहितेतील वाक्य आपल्या जन्मस्थानापासून तुटून स्वतंत्र आयुष्य जगू शकते, हे यावरून स्पष्ट होते.

संहिता ही केवळ सुव्यवस्थेची वाहक असते असेही मानण्याचे कारण नाही. कॉमन लॉची तत्त्वे लिखित कलमांत आणण्याचा एक मोठा प्रयत्न जॉर्जिया राज्याने फील्डच्या आधीच केला. १८६० मध्ये स्वीकारलेल्या त्या संहितेच्या तिघा कर्त्यांपैकी टॉमस कॉब हा गुलामगिरीच्या कायद्यावर ग्रंथ लिहिणारा तिचा कट्टर समर्थक होता आणि त्या संहितेत गुलामगिरीसंबंधीची कलमेही इतर कलमांइतक्याच नेटकेपणाने बसविलेली होती.

संघराज्याची अधिनियममाला

राज्यांत हे वाद चालू असताना संघराज्याचे अधिनियम दीर्घकाळ केवळ कालक्रमाने साठत होते. १७८९ च्या अधिनियमाने मूळ लेख जपण्याचे काम परराष्ट्रमंत्र्याकडे सोपविले होते. अधिकृत म्हणता येईल अशी संपूर्ण माला मात्र १८४५ पर्यंत सुरू झाली नव्हती. त्या वर्षी काँग्रेसने बॉस्टनच्या लिटल अँड ब्राऊन या प्रकाशनसंस्थेला समग्र अधिनियममाला प्रसिद्ध करण्यास अनुमती दिली. ‘स्टॅट्यूट्स ॲट लार्ज’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. रिचर्ड पीटर्स हा तिचा पहिला संपादक. १८७४ पासून तिचे मुद्रण शासकीय मुद्रणालयाकडे आले.

या मालेचा गुण म्हणजे तिची विश्वसनीयता. काँग्रेसने जे शब्द संमत केले, ते जसेच्या तसे तिच्यात असतात. परंतु नेमका हाच तिचा दोषही आहे. एखादा अधिनियम १८१६ मध्ये झाला, १८३० मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि १८५० मध्ये त्याचा अर्धा भाग निरसित झाला, तर वाचकाला तिन्ही खंड उघडून आजचा पाठ स्वतःच जुळवावा लागतो. शिवाय पुष्कळ अधिनियमांच्या शेवटी ‘याच्याशी विसंगत असलेले सर्व कायदे रद्द समजावेत’ असे मोघम वाक्य असे. विसंगत काय आणि सुसंगत काय, हे ठरविण्याचा भार अशा वाक्याने वाचकाच्या शिरावर पडे.

१८७४ चे सुधारित अधिनियम

या अडचणीवर उपाय म्हणून काँग्रेसने १८६६ मध्ये तीन आयुक्तांचे एक मंडळ नेमले. मंडळाने सादर केलेल्या मसुद्यात मांडणीबरोबर कायद्यातही बदल झालेले आहेत, असे दिसून आल्यामुळे टॉमस ड्युरंट या वकिलाकडे तो मसुदा मूळ अर्थावर आणण्याचे काम देण्यात आले. २२ जून १८७४ रोजी हे सुधारित अधिनियम संमत झाले. १ डिसेंबर १८७३ रोजी अमलात असलेला संघराज्याचा सर्वसाधारण कायदा त्यात ७४ शीर्षांखाली आणि ५,६०१ कलमांत सामावला होता. त्यातील ५,५९६ व्या कलमाने, ज्या जुन्या अधिनियमांचा कोणताही अंश या ग्रंथात आला आहे, ते सर्व अधिनियम निरसित केले. याचा अर्थ असा की, हा ग्रंथ जुन्या कायद्याचा केवळ आरसा राहिला नाही. तोच कायदा झाला, आणि जुने शब्द इतिहासजमा झाले.

ग्रंथ हाती येताच चुका दिसू लागल्या. काँग्रेसला १८७५ आणि १८७७ मध्ये दुरुस्तीचे अधिनियम करावे लागले. १८७८ मध्ये निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीला कायद्याचा दर्जा न देता केवळ सकृद्दर्शनी पुराव्याचा दर्जा देण्यात आला. परंतु पहिल्या ग्रंथाने जे केले होते ते पुसून टाकणे शक्य नव्हते. याचे सर्वांत दूरगामी उदाहरण म्हणजे १,९७९ वे कलम.

यादवी युद्धानंतर दक्षिणेत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर कू क्लक्स क्लॅनने केलेल्या अत्याचारांना आळा घालण्यासाठी काँग्रेसने १८७१ मध्ये एक अधिनियम केला. राज्याच्या कायद्याच्या नावाखाली एखाद्याने नागरिकाचे घटनादत्त हक्क हिरावले, तर त्या नागरिकाला संघीय न्यायालयात दाद मागता यावी, अशी त्याच्या पहिल्या कलमाची योजना होती. हे कलम सुधारित अधिनियमांत १,९७९ वे कलम म्हणून उतरताना दोन फरक झाले. मूळ कलमात केवळ घटनेने दिलेल्या हक्कांचा उल्लेख होता. नव्या पाठात ‘घटनेने आणि कायद्यांनी’ असे शब्द आले. दुसरे असे की, राज्याचा कायदा, नियम किंवा रूढी विरुद्ध असली तरीही हे उत्तरदायित्व राहील, अशा आशयाचा मूळ वाक्यांश गळून पडला.

हे फरक शंभर वर्षे जवळजवळ दुर्लक्षित राहिले. १९८० मध्ये मेन राज्याविरुद्धच्या थिबुटो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ‘आणि कायद्यांनी’ या शब्दांचा सरळ अर्थ घेतला आणि सामाजिक सुरक्षेच्या अधिनियमाखालील हक्कांसाठीही या कलमाचा आधार घेता येतो असा निर्णय दिला. भिन्नमताच्या न्यायाधीशांनी मुख्यतः १८७४ च्या संशोधनाचाच इतिहास पुढे केला. कायद्याचा आशय बदलण्याचा हेतू त्या वेळी नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. गळून पडलेल्या दुसऱ्या वाक्यांशाची चर्चा तर एकविसाव्या शतकात नव्याने सुरू झाली. अधिकाऱ्यांना न्यायालयांनी बहाल केलेली मर्यादित उन्मुक्ती मूळ पाठाशी सुसंगत आहे काय, असा प्रश्न १८७१ चा पाठ पुढे ठेवून अभ्यासकांनी उपस्थित केला. एका बाजूला चुकून म्हणा वा जाणूनबुजून म्हणा, पडलेल्या दोन शब्दांनी नागरिकाचा हक्क वाढविला. दुसऱ्या बाजूला गळलेल्या काही शब्दांनी तो कदाचित आकुंचित केला. दोन्ही ठिकाणी निर्णायक लेखणी संहिताकाराची होती.

१९२६ ची संघीय संहिता

१८७४ च्या अनुभवाने काँग्रेस पोळली होती. पुढील अर्धशतकात नवी संहिता झाली नाही. पहिल्या महायुद्धानंतर कॅन्ससचे प्रतिनिधी एडवर्ड लिटल यांनी प्रतिनिधिगृहाच्या समितीतर्फे हे काम हाती घेतले. प्रतिनिधिगृहाने त्यांचे विधेयक एकाहून अधिक वेळा संमत केले. सिनेटने चुका दाखवून ते रोखून धरले. लिटल १९२४ मध्ये निधन पावले. त्यानंतर वेस्ट आणि एडवर्ड टॉम्प्सन या दोन खाजगी विधिग्रंथ-प्रकाशनसंस्थांच्या साह्याने हे काम पुरे करण्यात आले आणि ३० जून १९२६ रोजी संघीय संहिता अस्तित्वात आली. तिची पन्नास शीर्षे होती. आरंभीची काही सर्वसाधारण शीर्षे सोडली, तर बाकीची शेतीपासून युद्धापर्यंत इंग्रजी वर्णानुक्रमे लावली होती.

१८७४ चा धडा या वेळी स्मरणात होता. नव्या संहितेने कोणताही जुना अधिनियम निरसित केला नाही. संहितेतील पाठ हा कायद्याचा सकृद्दर्शनी पुरावा मानावा आणि मूळ अधिनियममालेशी विरोध आल्यास माला श्रेष्ठ ठरावी, अशी व्यवस्था करण्यात आली. या व्यवस्थेचा अर्थ किती कठोर असू शकतो हे १९४३ मध्ये दिसून आले. पळून आलेल्या एका जर्मन युद्धकैद्याला मदत केल्याबद्दल देशद्रोहाच्या आरोपावरून मॅक्स स्टीफन याला फाशीची शिक्षा झाली होती. देहान्त शिक्षेविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा हक्क संहितेतील एका कलमाने दिलेला दिसत होता आणि त्याने त्यावर भिस्त ठेवली. मूळ अधिनियमांच्या क्रमाने पाहता तो हक्क पूर्वीच नष्ट झाला होता. सकृद्दर्शनी पुराव्याचा अर्थच असा की, विसंगती असेल तेथे संहिता मूळ मालेवर मात करू शकत नाही, असे सांगून न्यायालयाने अर्ज फेटाळला. राष्ट्राध्यक्षांनी पुढे त्याची शिक्षा जन्मठेपेत बदलली, ही गोष्ट निराळी. शासनाने छापलेल्या संहितेवर विश्वास ठेवणाऱ्या मनुष्याला, प्राणांची बाजी लागली असतानाही, त्या संहितेचा आधार मिळाला नाही.

ही विसंगती दूर करण्यासाठी १९४७ पासून एकेक शीर्ष नव्याने तपासून अधिनियम म्हणून संमत करण्याची पद्धती सुरू झाली. असे शीर्ष संमत झाले म्हणजे त्यातील जुने अधिनियम निरसित होतात आणि शीर्षाचा पाठ हाच निर्णायक कायदा ठरतो. फौजदारी कायद्याचे अठरावे आणि न्यायव्यवस्थेचे अठ्ठाविसावे शीर्ष १९४८ मध्ये या रीतीने संमत झाले. १९७४ पासून हे काम प्रतिनिधिगृहाच्या विधिसंशोधन-सल्लागाराच्या कार्यालयाकडे आहे. आज शीर्षांचे क्रमांक ५४ पर्यंत गेले आहेत. त्यांपैकी ५३ वे राखीव आहे. सुमारे निम्मी शीर्षे अधिनियमित झालेली आहेत. उरलेली अजूनही सकृद्दर्शनी पुराव्याच्या पायरीवर आहेत. एकाच संहितेची दोन शीर्षे शेजारी शेजारी उभी असली तरी त्यांचे प्रामाण्य एक नाही, ही गोष्ट अभ्यासकाने क्षणभरही विसरून चालत नाही.

हरवलेला नियम आणि वगळलेले कलम

अधिनियमांच्या पाठाइतकाच त्यांखाली काढलेल्या आदेशांचा पाठ महत्त्वाचा असतो. मंदीच्या काळात १९३३ च्या राष्ट्रीय औद्योगिक पुनरुत्थान अधिनियमाखाली तेलधंद्यासाठी नियम करण्यात आले. ठरवून दिलेल्या प्रमाणापेक्षा अधिक तेल काढण्यास त्यात बंदी होती. टेक्सासमधील काही उत्पादकांवर तिच्या भंगाबद्दल फौजदारी आरोपही ठेवण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारी पोहोचल्यावर शासनाला आढळले की, सप्टेंबर १९३३ मध्ये केलेल्या एका दुरुस्तीत बंदीचा तो परिच्छेदच अनवधानाने गळला होता. आरोप ठेवणारे, आरोपी आणि खालची न्यायालये यांपैकी कोणालाच याचा पत्ता नव्हता, कारण असे आदेश प्रसिद्ध करणारे एकही नियमित पत्र नव्हते. १९३५ मध्ये पनामा रिफायनिंग खटल्याच्या निर्णयात न्यायालयाने या प्रकाराची नोंद केली. अर्विन ग्रिसवोल्ड यांनी डिसेंबर १९३४ मध्ये हार्वर्डच्या विधिनियतकालिकात याच दुरवस्थेवर लेख लिहिला होता. परिणामी १९३५ मध्ये संघीय राजपत्राचा अधिनियम झाला, १४ मार्च १९३६ रोजी त्या राजपत्राचा पहिला अंक निघाला आणि पुढे संघीय विनियमांची स्वतंत्र संहिता सिद्ध झाली.

याहूनही सूक्ष्म प्रसंग १९९३ मध्ये उद्भवला. पाच हजारांहून अधिक लोकवस्ती नसलेल्या गावातील राष्ट्रीय बँकांना विम्याचे प्रतिनिधी म्हणून काम करण्याची मुभा १९१६ च्या एका अधिनियमाने दिली होती. संहितेच्या १९२६ पासूनच्या आवृत्त्यांत ही तरतूद बाराव्या शीर्षाचे ९२ वे कलम म्हणून छापली जात होती. १९५२ च्या आवृत्तीत संपादकांनी ती वगळली आणि १९१८ मध्ये तिचे निरसन झाल्याची टीप दिली. १९१६ च्या अधिनियमातील अवतरणचिन्हांच्या जागेवरून ही तरतूद सुधारित अधिनियमांच्या ५,२०२ व्या कलमाचा भाग वाटत होती आणि १९१८ मध्ये ते कलम नव्याने लिहिताना तिचा समावेश झालेला नव्हता. असे असूनही बँकिंग अधिकारी, न्यायालये आणि खुद्द काँग्रेस ही तरतूद जिवंत समजूनच चालत होती. काँग्रेसने मध्यंतरी तिच्यात दुरुस्तीही केली होती. ओरेगॉनमधील एका बँकेला छोट्या गावातील शाखेतून देशभर विमा विकण्याची परवानगी मिळाली, तेव्हा विमाव्यावसायिक न्यायालयात गेले. वरिष्ठ न्यायालयाने, पक्षकारांनी मुद्दा काढलेला नसताना, तरतूदच अस्तित्वात नसल्याचा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फिरविला. न्यायमूर्ती सूटर यांनी अधिनियमाची रचना, विषयाचा ओघ आणि परिच्छेदांचा क्रम तपासून दाखवून दिले की, ही तरतूद संघीय राखीव बँकांच्या अधिनियमात घालावयाची होती आणि अवतरणचिन्हे चुकीच्या ठिकाणी पडली होती. प्राचीन ग्रंथांच्या पाठचिकित्सेत विद्वान जे करतात, तेच येथे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने विसाव्या शतकातील अधिनियमाच्या बाबतीत केले.

राज्यांच्या संहिता आणि टीपांचा हक्क

राज्यांत एकच पद्धती कधीच रूढ झाली नाही. विस्कॉन्सिनने विसाव्या शतकाच्या आरंभी राज्य अधिनियमांच्या सततच्या संशोधनासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला. टेक्सासने १९६३ पासून तशा स्वरूपाचा कायम कार्यक्रम हाती घेतला. कॅलिफोर्नियाने विषयागणिक स्वतंत्र संहिता करण्याचा मार्ग धरला आणि आज तेथे २९ संहिता आहेत. न्यूयॉर्कच्या एकत्रित कायद्यांची मांडणी त्याहून वेगळी आहे. म्हणून एका राज्यात शिकलेली संदर्भपद्धती दुसऱ्या राज्यात तशीच लागू पडत नाही.

व्यवहारात वकील आणि न्यायाधीश मूळ कलमापेक्षा सटीप संहितेवर अधिक अवलंबून असतात. कलमाखाली त्याचा इतिहास, दुरुस्त्यांचा क्रम आणि त्या कलमाचा अर्थ लावणाऱ्या न्यायनिर्णयांचे सारांश दिलेले असतात. संघीय संहितेची अशी खाजगी आवृत्ती १९२७ पासून निघू लागली. मालकीचा प्रश्न यातूनच निर्माण होतो. वर उल्लेखिलेले हेन्री व्हीटन आणि रिचर्ड पीटर्स हे सर्वोच्च न्यायालयाचे एकामागून एक आलेले वृत्तसंग्राहक होते. व्हीटनचे खंड पीटर्सने संक्षेपाने छापले, तेव्हा दोघांत खटला झाला आणि न्यायालयाच्या निर्णयांवर कोणाचाही ग्रंथस्वामित्वहक्क असू शकत नाही, हे १८३४ मध्ये ठरले. जवळजवळ दोन शतकांनी हाच प्रश्न जॉर्जियात उभा राहिला. त्या राज्याच्या अधिकृत संहितेतील टीपा एका खाजगी संस्थेने राज्याच्या आयोगाच्या देखरेखीखाली तयार केल्या होत्या. एका सार्वजनिक संस्थेने त्या टीपांसह संहिता सर्वांस विनामूल्य उपलब्ध केली आणि राज्याने तिच्यावर दावा लावला. २७ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी राज्याविरुद्ध निकाल दिला. विधिमंडळाचे अंग म्हणून आयोगाने निर्माण केलेल्या टीपा कोणाच्या खाजगी मालकीच्या होऊ शकत नाहीत, हा त्यातील निष्कर्ष होता.

संशोधनाची पद्धती

या इतिहासातून अमेरिकन अधिनियमांच्या संशोधनाची रीत आपोआप स्पष्ट होते. संशोधकाने प्रथम विषयसूचीवरून अथवा अधिनियमाच्या रूढ नावावरून संहितेतील कलम शोधावे. नंतर ते ज्या शीर्षात आहे ते अधिनियमित आहे की नाही, हे पाहावे. कलमाच्या शेवटी दिलेल्या उगमनिर्देशावरून मूळ अधिनियमाचा क्रमांक, वर्ष आणि मालेतील पृष्ठ कळते. शीर्ष अधिनियमित नसेल, तर मालेतील ते पृष्ठ प्रत्यक्ष उघडून पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. त्यानंतर पुरवण्या व नवे अधिनियम तपासून कलमाचा आजचा पाठ निश्चित करावा आणि शेवटी न्यायनिर्णय पाहावेत. राज्यांच्या बाबतीत संहितेचा दर्जा त्या त्या राज्याच्या कायद्याने काय ठरविला आहे, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो. आता हे सर्व पाठ संगणकावर वाचले जातात. विद्युत्-रूपातील पाठ मूळ पाठच आहे याची हमी कोणी द्यावी, या प्रश्नासाठी एकरूप विधी आयोगाने २०११ मध्ये एक आदर्श अधिनियम सुचविला. म्हणजे साधन बदलले, तरी १८७४ चा प्रश्न संपलेला नाही.

संहिता आणि मूळ अधिनियम यांपैकी एकाचीच निवड करून भागत नाही. मूळ माला विश्वसनीय असली, तरी सामान्य नागरिकाला ती दुर्गम आहे. संहिता त्याला सुगम आहे, परंतु तिच्यात मांडणी करणाऱ्याचा हात मिसळलेला असतो. अमेरिकेने शतकाहून अधिक काळ चुकत-माकत शोधलेली तडजोड अशी की, विधिमंडळाने स्वतः तपासून संमत केल्यावाचून संपादकाच्या शब्दाला कायद्याचे बळ द्यावयाचे नाही. ही तडजोड अर्ध्यावरच थांबली आहे. जोवर ती पूर्ण होत नाही, तोवर ज्या कलमाखाली नागरिकाला शिक्षा व्हावयाची वा हक्क मिळावयाचा, त्याचा नेमका पाठ कोणता, हे सांगण्याची जबाबदारी मूळ खंड उघडून पाहणाऱ्या संशोधकावर राहील; आणि कायद्याचे अज्ञान ही सबब नाही, हे नागरिकाला बजावण्याचा राज्यसंस्थेचा नैतिक अधिकारही तितकाच अपुरा राहील.